संघाचे आठ, सलीमचे नऊ

तासगाव सोडलं त्या दिवशी आमच्या बॅगांची वजनं बेदाण्याच्या काट्यावर झाली. माझे वडील, आप्पा, बेदाण्याच्या एका अडत दुकानात तोलार होते. विमानात माणशी तेवीस किलोच नेता येतात, हे त्यांना मीच सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी घरचा टांगता काटा बाजूला ठेवला आणि आम्हा दोघांना बॅगांसकट दुकानात नेलं. दोघं म्हणजे मी आणि सलीम. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील, मेहबूबचाचा, एसटी स्टँडमागे पत्र्याचे डबे बनवायचे. तेही आले होते.

माझी बॅग बावीस किलो सहाशे भरली. सलीमची चोवीस किलो शंभर. बॅग उघडली तर आत चाचाने स्वतः बनवलेला एक किलोचा डबा, आणि डब्यात काठोकाठ बेदाणा. आम्ही दोघं ऑस्ट्रेलियातल्या ज्या गावी चाललो होतो तिथे मैलोन्‌मैल द्राक्षांशिवाय दुसरं काही नाही, आणि आम्हाला नोकरी मिळाली होती तीही बेदाण्याच्याच कारखान्यात. तिथे हा बेदाणा चालला होता. चाचाने मुकाट्याने बेदाणा काढून घेतला आणि रिकामा डबा परत बॅगेत ठेवला. तेवीस किलो शंभर.

"शंभर ग्रॅमला कोन इचारतंय?" चाचा म्हणाला.

"काटा इचारतोय," आप्पा म्हणाले.

मग सलीमचा टॉवेल निघाला. काटा पुढेमागे हलत होता. सलीमने घाईने "झालं बावीस आठशे" म्हटल्यावर आप्पांनी त्याला गप्प केलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो: "काटा थरथरतोय तवर आकडा बोलायचा न्हाई." काटा थांबला. आप्पांनी आकडा सांगितला. मगच आम्ही चार वाजून दहा मिनिटांच्या एसटीला बसलो. बायका रडल्या, ते नेहमीचंच. या दोन बापांनी रडायच्या ऐवजी वजन केलं.

त्या डब्याच्या बुडाला चाचाने छिन्नीने ठोकलेला आकडा होता: १. एक किलोचा डबा. वर गाठ, खाली शेपूट. चाचा प्रत्येक डब्यावर माप असं मराठी आकड्यात ठोकायचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

याला एकोणीस वर्षं झाली. ज्या गावात आम्ही आलो ते मरी नदीच्या काठी आहे. लोक सांगतात त्यापेक्षा ते लहान आहे आणि स्वतःला समजतं त्यापेक्षा तर फारच लहान. इथे द्राक्ष उन्हातच सुकतं, मजूर कमी, यंत्रं जास्त. मी प्रतवारी विभागात लागलो, सलीम यंत्रांवर. पहिल्या महिन्यात इथल्या लोकांनी मला बेदाणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. कारखान्याच्या आवारात उभं राहून तासगावच्या माणसाला बेदाणा शिकवायला जो आत्मविश्वास लागतो तो या गावात भरपूर आहे, आणि तो सगळा एकाच ठिकाणाहून येतो. ते ठिकाण म्हणजे फुटबॉल क्लब.

हा फुटबॉल म्हणजे तुम्ही टीव्हीवर बघता तो नव्हे. लांबट चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा माणसं, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर गोल, त्याचे सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर त्याला म्हणतात बिहाइंड, आणि त्याचा एक गुण. म्हणजे चुकलं तरी एक गुण मिळतो. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतात. नाही. या लोकांनी नेम चुकण्याला गुण देऊन त्याभोवती एक अख्खं गाव उभं केलंय.

क्लबच्या इमारतीत भिंतभर लाकडी फळ्या आहेत. त्यांवर सोनेरी अक्षरांत नावं: कोण कर्णधार, कोण अध्यक्ष, कोणी कधी किती गोल मारले. लोक बिअर पिताना त्या फळ्यांकडे देवाकडे बघावं तसे बघतात. आपल्या गावातल्या तरुण मंडळाला मी नावं ठेवायचो, की गणपतीच्या वर्गणीतून यांनी स्वतःचेच फ्लेक्स लावले. इथे येऊन कळलं की आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांची चूक एवढीच, की पावसात टिकेल अशा गोष्टीवर त्यांनी नावं लिहिली नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी त्या क्लबात शिरलो तो गुणलेखक म्हणून. आधीचा माणूस गाव सोडून गेला होता आणि सहाचा पाढा भरभर येणारा माणूस त्यांना सापडत नव्हता. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. आठ गोल आणि पाच बिहाइंड, तर सहा आठे अठ्ठेचाळीस आणि पाच, त्रेपन्न. यासाठी तिघे मिळून कागदावर हिशेब करत होते. मी मनातल्या मनात मराठीतून पाढे म्हणायचो आणि कागदावर इंग्रजीत आकडा टाकायचो. एका कच्च्या वहीत खेळाडूंची नावं आधीच लिहून ठेवायची, सामना चालू असताना समोर गोल मांडायचे, आणि नंतर पक्क्या कागदावर उतरवायचे. शनिवारी दुपारी एवढंच काम. बायकोने विचारलं, हे करून काय मिळतं? ती वडूजची आहे, तिला नेमका प्रश्न विचारता येतो. मी म्हटलं, सॉसेज आणि पाव.

त्याच मोसमात सलीम दुसऱ्या फळीच्या संघात, रिझर्व्हमध्ये, खेळला. कबड्डीत तो चपळ होता. इथे त्याला नियम कळायला अर्धा मोसम गेला आणि उरलेला अर्धा पाय मुरगळण्यात. तो एकंदरीत सात सामने खेळला. त्याची एकमेव लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच्या आडनावाचं स्पेलिंग क्लबने सात सामन्यांत चार प्रकारे लिहिलं.

मोसमाचे शेवटचे तीन सामने राहिले असताना आप्पा गेले. मी कच्ची वही क्लबच्या चिटणीसबाई शॅरन यांच्या हातात दिली आणि तासगावला निघालो. दीड महिन्याने परतलो तेव्हा मोसम संपला होता, बक्षीस समारंभ झाला होता आणि फळीवर नवी ओळ रंगवली होती. रिझर्व्हच्या एका सामन्यात सर्वाधिक गोल: एस. तांबोळी, 9.

मी धरून चाललो की मी नव्हतो त्या तीन सामन्यांपैकी एकात सलीमने हे केलं. विचारलं नाही. वही क्लबच्या कपाटातच होती, उघडली नाही. हे मी आज लिहितोय ते सोपं नाही, कारण गेली एकोणीस वर्षं या गावात माझी ओळख ही की विलास आधी तपासतो, मग बोलतो. मी सलीमला नुसतं "नऊ?" असं म्हटलं. तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "गड्या, तू लय मोठा मानूस हाईस." मला वाटलं, आप्पांच्या दुःखात माझं मन रमवतोय.

क्लबने त्या नऊ गोलांचं पुढे जे केलं त्याला तोड नाही. गावाच्या साप्ताहिकात सलीमचा फोटो आला. सरकारी अनुदानाच्या अर्जाला तोच फोटो जोडला गेला, की बघा, आमच्याकडे सगळ्या देशांचे लोक कसे खेळतात. त्या अर्जावर सही करणाऱ्या क्लबच्या अध्यक्षांना सलीम शाकाहारी आहे की मुसलमान, हे शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही. वार्षिक जेवणात ते त्याला दरवेळी एकटं कोशिंबिरीचं ताट द्यायचे, दोन्ही शक्यता धरून.

सलीमने फळीचा फोटो घरी पाठवला. मग तो लग्न करून ॲडलेडला गेला, ट्रक चालवू लागला. आमचं बोलणं ईदला आणि दिवाळीला, तेवढंच उरलं.

सहा वर्षांपूर्वी मी तासगावला गेलो तेव्हा चाचाच्या दुकानात गेलो. ऐरणीच्या वर, भिंतीवर तो फोटो चौकटीत लावलेला. आता पत्र्याचे डबे कोणी घेत नाही, प्लॅस्टिकचे क्रेट आले, पण चाचा दुकान उघडून बसतो. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. चाचा त्याला फोटो दाखवून सांगत होता, "आमच्या सलीमनं तिकडं एक गोल मारला. फळीवर नाव लागलं बघा त्याचं."

मी म्हटलं, "चाचा, एक न्हाई. नऊ. इंग्रजी नऊ हाय त्यो."

चाचाने चष्मा वर केला आणि फोटोच्या अगदी जवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. "नऊ?" म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू म्हनतोस म्हंजी बराबरच असनार. तू दत्तू तोलाराचा पोरगा."

दुसऱ्या दिवशी त्याने स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत पेढे वाटले. चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागला: ऑस्ट्रेलियात नऊ गोल. मध्ये सलीम, आणि त्याच्या भोवती अकरा शुभेच्छुकांचे चेहरे, ज्यांतल्या एकालाही चेंडू लांबट असतो हे माहीत नव्हतं. शुभेच्छुकांचे चेहरे सलीमच्या चेहऱ्यापेक्षा मोठे होते. मी त्या फ्लेक्सला हसलो. नेहमीप्रमाणे.

आता यंदाची गोष्ट. क्लबला आपला इतिहास छापायची हुक्की आली. मसुदा त्यांनी माझ्याकडे पाठवला, फक्त आकडे बघ म्हणून. मी सगळंच वाचलं. पहिल्या पानावर लिहिलंय की क्लब काही धाडसी माणसांनी ओसाड जमिनीवर उभा केला. ती जमीन ओसाड नव्हती, तिथे आधीपासून दुसरी माणसं राहत होती, हे नदीकाठच्या सरकारी फलकावरसुद्धा लिहिलेलं आहे आणि अध्यक्ष रोज त्या फलकापुढून कुत्रा फिरवतात. एका प्रकरणात हरलेल्या अंतिम सामन्यांना "जवळजवळ विजय" म्हटलंय. असे जवळजवळ विजय अकरा आहेत. क्लबच्या छपराचा जीर्णोद्धार तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी वेगळ्या माणसाने केलाय. मी समासात लाल शाईने लिहीत गेलो. खरं सांगतो, मला मजा येत होती. इतका आळशी इतिहास आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या स्मरणिकेतही मी वाचलेला नाही.

आणि मग त्या सामन्याचं पान आलं. तारीख मी नसतानाची नव्हती. मी हजर होतो त्या दिवसाची होती. खाली संघाचा गुणफलक: आठ गोल, पाच बिहाइंड, एकूण त्रेपन्न. साठ गुणांनी पराभव. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: एस. तांबोळी, नऊ गोल.

संघाचे गोल आठ. त्यातले सलीमचे नऊ.

मी ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला वाचून दाखवलं. इतकी वर्षं ही फळी भिंतीवर आहे, शेकडो लोकांनी तिच्याखाली बिअर प्यायली, अनुदानाचा अर्ज झाला, फोटो छापले, मसुदा चौघांनी वाचला, आणि एकानेही बेरीज केली नाही. बायकोने भाजी परतता परतता विचारलं, "गुण कोण लिहीत होतं त्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी क्लबात जाऊन मी कपाटं उघडली. त्या वर्षीचे पक्के कागद गळक्या छपराखाली भिजून गेले होते, तेच छप्पर, तीन जणांनी जीर्णोद्धार केलेलं. त्यामुळे तेव्हाच शॅरनबाईंनी मोसमाचे आकडे माझ्या कच्च्या वहीवरून काढले होते. वही सापडली. नावं माझ्या अक्षरात, सगळी इंग्रजीत. एकाचे 3, एकाचे 2. दोघांचा प्रत्येकी एक, सरळ उभी काठी, 1. आणि तांबोळीपुढे: १.

वर गाठ, खाली शेपूट.

तेव्हा मला तो गोल आठवला. सलीम घसरला होता, पडता पडता त्याचा पाय चेंडूला लागला, आणि चेंडू उड्या मारत दोन खांबांमधून गेला. मी गुणलेखकाच्या खोलीत एकटा होतो आणि खुर्चीवरून उठलो होतो. मग बसलो आणि आकडा टाकला. सगळ्या वहीत तेवढा एकच आकडा मराठी. हात त्या क्षणी तासगावला गेला आणि मला पत्ता लागला नाही. शॅरनबाईंनी जे दिसलं ते वाचलं. त्यांची चूक नाही. नऊ मी लिहिले होते.

सलीमला फोन केला. तो सगळं ऐकत होता. मी वहीतला आकडा, शेपूट, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी तू मुद्दाम लिवलं न्हवतंस?"

"मी कशाला मुद्दाम लिहीन?"

"मला वाटलं, तुझा बाप गेला, तू निघालास, आन् जाता जाता दोस्ताचं नाव वर लावून गेलास. आरं, तू आयुष्यात एक खोटं केलंस आन् ते माझ्यासाठी, म्हनून मी गप बसलो. कुनाला बोललो न्हाई. अब्बालाबी आकडा सांगितला न्हाई, नुसता फोटू धाडला." मग म्हणाला, "एकोनीस वर्सात माझ्यासाठी कुनी एवढं केलं न्हवतं. आता तेबी गेलं म्हनायचं."

मी सॉरी म्हणालो. दोन मराठी माणसांच्या बोलण्यात हा शब्द किती निरुपयोगी आहे ते तेव्हा कळलं.

"क्लबचं ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "अब्बाला कोन सांगनार? फ्लेक्स लागलाय तिथं. पेढं वाटलेत म्हाताऱ्यानं. त्याला नऊ कुनी सांगितलं?"

मी सांगितलं, मी. तो म्हणाला, मग तूच सांग.

आधी क्लब उरकला, कारण तिथे काही दुखणार नव्हतं. कमिटीपुढे वही ठेवली, मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी काढून दाखवले. अध्यक्षांनी वही फिरवून फिरवून पाहिली आणि ही फार छान गोष्ट आहे असं म्हणाले. मग सांगितलं की फळी रंगवणारा माणूस आता काम करत नाही, आणि लोकांना ते नऊ गोल आवडतात. मी बेरजेचं काय विचारलं. बेरीज कोण करतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुस्तक छापून आलं तेव्हा पाहिलं: सलीमचे नऊ तसेच आहेत, आणि संघाचा गुणफलक काढून टाकलाय. बेरीज चुकू नये म्हणून बेरीजच काढली. मी गुणलेखकपदाचा राजीनामा दिला. त्यांनी निरोपाला मला एक मग दिला, त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.

चाचाला फोन करायला मला अकरा दिवस लागले. तो ऐंशीच्या पुढे गेलाय, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून शेजारच्या दुकानदाराच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल केला. मागे ऐरण दिसत होती, वर चौकट. मी अकरा दिवस वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला ठेवून म्हटलं, "चाचा, सलीमचे गोल नऊ न्हाईत. एक हाय. मी वहीत मराठी एक लिवला, आन् इथल्या लोकांनी नऊ वाचला. माझी चूक."

चाचा उठला. फोन ऐरणीवर टेकवला, त्यामुळे मला काही वेळ नुसतं दुकानाचं छप्पर दिसत होतं. मग तो परत आला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मी काय वाचलं व्हतं, इलास?"

"एक."

"मग? मी आयुष्यभर पत्र्यावर त्योच आकडा ठोकला. मला वळखू येत न्हाई व्हय?" तो हसला, पण डोळे माझ्यावरच होते. "काटा थांबला व्हता, पोरा. तूच हलवलास."

मग त्यानेच विचारलं की तो एक तरी खरा ना. मी म्हटलं, खरा. मी उठून उभा राहिलो होतो. "मग बास की," तो म्हणाला. "आवं, परक्या मुलखात जाऊन एक मारला ह्ये का थोडं हाय?" हे तो मला नाही, शेजारच्या दुकानदाराला सांगत होता.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराने एक फोटो पाठवला. चौकटीखाली चाचाने पत्र्याची पट्टी लावलीय, आणि तिच्यावर छिन्नीने एकच आकडा ठोकलाय. चौकातला फ्लेक्स कधीच फाटून गेलाय, तिथे आता दुसऱ्यांचे चेहरे आहेत. तो फोटो मी सलीमला पुढे पाठवला. त्याने उलट त्या रिकाम्या डब्याचा फोटो धाडला, बूड वर करून. अजून आहे त्याच्याकडे. त्यात चहापत्ती ठेवतो.

इथलं घर माझ्या नावावर आहे, तीन खोल्या, मागे लिंबाचं झाड. मुलींना तासगाव म्हणजे उकाडा आणि नातेवाईक. तुम्ही गावाकडची माणसं पत्रातून विचारता, आता घर कुठलं वाटतं. मी नेहमी टाळायचो, कारण या प्रश्नाची उत्तरं फार गुळगुळीत असतात. आता एवढंच सांगता येईल: एका परक्या गावातल्या फळीवर माझ्या हातचा एक आकडा सोनेरी रंगात लिहिलेला आहे, आणि तो बरोबर वाचला जाईल अशी सगळ्या जगात एकच जागा आहे, एसटी स्टँडमागचं एक पत्र्याचं दुकान. तिथे जाऊन मी तो दुरुस्त केला होता.